न पाहिलेल्या सिनेमाचं परीक्षण

गुरुवारी दुपारी चारच्या आत परीक्षण पाठवायचं, हा माझा चौदा वर्षांचा शिरस्ता होता. सांगलीच्या एका दैनिकाच्या शुक्रवारच्या पुरवणीत माझा सिनेमाचा कॉलम यायचा. सकाळी ज्युनिअर कॉलेजात मराठी शिकवायचं, आठवड्याला एक सिनेमा बघायचा आणि त्याच्यावर सातशे शब्द लिहायचे, एवढंच माझं आयुष्य. लग्न राहून गेलं. कडेगावची उसाची शेती थोरला भाऊ बघतो, धाकटा फौजेत आहे. आमच्या घरात माझ्या नावाला काही वजन असेल तर ते त्या कॉलममुळं. भाजी आणायला गेलो तरी कुणीतरी विचारायचं, "विश्वजीत सर, या आठवड्यात काय बघू?" मला ते फार आवडायचं. खोटं कशाला सांगू.

त्या बुधवारीही मी असाच नेहमीच्या कामाला निघालो होतो. सकाळी अकराचा खेळ, खिशात वही आणि पेन. फरक एवढाच की सिनेमा सरफराजचा होता.

सरफराज माझा कॉलेजातला दोस्त. एकांकिका मी लिहायचो, बसवायचा तो. कुपवाडला त्याच्या वडिलांचा, वजीरचाचांचा, पावडर कोटिंगचा कारखाना आहे. लोखंडी गेटं, कपाटाची दारं तिथं येतात, त्यांच्यावर रंगाची पूड मारतात आणि माणूस उभा आत जाईल एवढ्या पत्र्याच्या भट्टीत ती भाजून काढतात. अकरा वर्षांपूर्वी त्याच कारखान्याबाहेर चहाच्या गाड्यावर त्यानं मला एक गोष्ट सांगितली. एका माणसाला संशय येतो की बाहेरचे सगळे आपल्या जिवावर उठलेत. तो एका बंद पडलेल्या भट्टीत शिरतो आणि आतून कडी घालून घेतो. पुढं सगळा सिनेमा त्या भट्टीतच.

मी पोट धरून हसलो होतो. "एक माणूस, एक खोली! दीड तास कोण बघंल रं? लोक बाहेरनं कडी घालून घरी जातील."

तोही हसला होता. पण त्यानं तो सिनेमा काढला. बापाच्या कारखान्यातल्या जुन्या भट्टीत, शिफ्ट सुटल्यावर, तीन वर्षं खपून काढला. नाव ठेवलं 'आतून कडी'.

आणि मग सुरू झालं कौतुक. आधी परदेशातल्या कुठल्याशा महोत्सवात लोक उभे राहून टाळ्या वाजवत राहिले. मग मुंबईच्या इंग्रजी पेपरांनी चार-चार चांदण्या दिल्या. एकानं लिहिलं, 'सिनेमा बघताना मी दोनदा उठून थिएटरचं दार उघडं आहे ना ते पाहून आलो.' दुसऱ्यानं थंड होणाऱ्या पत्र्याच्या टिकटिकीवर दोन परिच्छेद खर्ची घातले. पुण्याच्या एका बाईंनी प्रश्न काढला, की भट्टीबाहेर खरंच कुणी टपलेलं असतं की सगळं त्याच्या डोक्यातच? त्यावर आठवडाभर लोक मोबाइलवर एकमेकांची डोकी फोडत होते. पूर्वार्ध रेंगाळतो, असं फक्त एका समीक्षकानं म्हटलं होतं. त्याचं परीक्षण मी जपून ठेवलं होतं आणि रोज सकाळी चहाबरोबर वाचायचो.

अशी एकतीस परीक्षणं मी वाचली. काही तर पाठ झाली. प्रत्येक वाचताना जळायचो. सरफराजला चांगलं म्हटलं याचं दुःख नव्हतं, किंवा होतं, पण तेवढंच नव्हतं. ज्या गोष्टीला मी हसलो होतो त्याच गोष्टीला सगळं जग चांगलं म्हणत होतं. चौदा वर्षं मी लोकांना सिनेमा समजावून देत होतो, आणि माझ्याच पुढ्यात, चहाच्या कपाशेजारी ठेवलेला सिनेमा मला कळला नव्हता.

बुधवारी थिएटर गच्च भरलं होतं. सरफराज दारातच उभा होता, इस्त्रीच्या शर्टात. मला बघून त्यानं मिठी मारली. "आलास गड्या! तुज्यासाठी मधली खुर्ची ठेवलीया." मी हसलो, त्याच्या पाठीवर थाप मारली आणि जाऊन बसलो.

अंधार झाला. आधी पाच मिनिटं भट्टीचा बंद दरवाजा, पत्र्याची टिकटिक, आणि त्याच्यावर नावं. कथा सरफराज, दिग्दर्शन सरफराज. मग आभारांची यादी. जनरेटरवाले नानासो. त्यांच्या नावाला मागून शिट्टी पडली. त्याच्याखाली माझं नाव. त्याच्याखाली कृष्णातचा चहाचा गाडा. त्यालाही टाळ्या पडल्या. माझ्या नावाला कुणी हूं की चूं केलं नाही. जनरेटर आणि चहा यांच्या मध्ये मी!

दहा मिनिटांत मी उठलो. पाय दुखतोय असं पुटपुटत, वाकून, लोकांच्या गुडघ्यांवरून बाहेर आलो. भडंगाची पुडी घेतली आणि घरी जाऊन सगळी खाल्ली.

गुरुवारी लिहायला बसलो. सिनेमा बघितलेला नव्हता, पण एकतीस परीक्षणं डोक्यात होती. ह्याची टिकटिक, त्याचा संशय, त्या पुण्याच्या बाईंचा प्रश्न, सगळं जरा फिरवून, माझ्या भाषेत बसवून दिलं. लिहिणारी माणसं असं करतात, तुम्हाला सांगतो. कबूल कुणी करत नाही. पण माझी एक खोड होती. प्रत्येक परीक्षणात मी एक खोट अशी काढायचो जी दुसऱ्या कुणालाच दिसलेली नसायची. लोक म्हणायचे, सरांची नजर म्हणजे नजर. आता न बघितलेल्या सिनेमात खोट कुठून आणायची? पेन तसंच धरून बसलो होतो. मग हात आपोआप पुढं गेला आणि मी लिहिलं:

'शेवटच्या वीस मिनिटांत नायकाच्या मागे, भट्टीच्या डाव्या कोपऱ्यात, मोरपंखी लुगड्यातली एक बाई भिंतीकडे तोंड करून उभी दिसते. तिची नुसती पाठ दिसते. ती कोण, हे दिग्दर्शक सांगत नाही. असल्या उसन्या भुताची या सिनेमाला काही गरज नव्हती.'

मोरपंखीच का आणि बाईच का, मला आजही सांगता येणार नाही. कागदांचे फोटो काढून राजनंदिनीला पाठवले. पुरवणी तीच बघते. मी अजून हातानं लिहितो आणि ती बिचारी टाइप करून घेते.

शनिवारी सकाळी पहिला फोन आला तो तासगावच्या एका डॉक्टरांचा. मी मनाची तयारी केली होती. अशी कुठलीच बाई सिनेमात नाही म्हणून ते झापणार, आणि आपण म्हणायचं, कदाचित प्रत वेगळी असेल. पण डॉक्टरांचा आवाज दबका होता.

"सर, मी आधी एकदा पाहिला होता, तेव्हा लक्षातच आलं नव्हतं. तुमचं वाचून काल पुन्हा गेलो. आहे हो ती. डाव्या कोपऱ्यात. माझ्या बायकोनं तर डोळेच मिटून घेतले."

मी फोन ठेवून हसलो. लोकांचं हे असंच. छापून आलं की दिसतं. संध्याकाळपर्यंत असे अकरा फोन आले. रविवारी राजनंदिनीनं कळवलं की मुंबईच्या एका नामांकित समीक्षकानं पुन्हा नवा लेख लिहिलाय आणि त्यात तुमचं नाव आहे. 'सांगलीच्या एका जाणत्या समीक्षकामुळे माझ्या नजरेतून सुटलेली ती पाठमोरी बाई मला दिसली,' असं त्यानं लिहिलं होतं. पण पुढं काय? 'दिग्दर्शकाचा हा सर्वांत धाडसी डाव. या एका पाठमोऱ्या आकृतीसाठी पाचवी चांदणी.'

दिग्दर्शकाचा! मी तो शब्द पुन्हा पुन्हा वाचला. बाई मी रचली, टाळ्या सरफराजला. आठवडाभर सगळीकडं हेच. पुण्याच्या बाईंनी तिच्यावर अख्खा लेख लिहिला. सांगलीत लोक दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा तिकिटं काढायला लागले. मी खोट म्हणून जी घातली तीच सिनेमातली सगळ्यात मोठी गोष्ट होऊन बसली होती, आणि मला ओरडून सांगताही येत नव्हतं की ती माझी आहे.

पुढच्या शुक्रवारी दुपारी सरफराजचा फोन आला.

"विश्वा, एक विचारू? ती बाई तुला पैल्यांदा कवा दिसली?"

त्याचा आवाज ऐकून मी सावध झालो. "का रं?"

"मी ती घेतलीच न्हाई. आई शप्पथ. एडिटला हा सिनेमा मी दोनशे वेळा बघितलाय. आत्ता बी लॅपटॉपवर एकेक फ्रेम करून बघितली, न्हाई. थेटरात हाय. काल पयल्या रांगेत बसून बघितली, मोरपंखी लुगडं... आनि त्या कोपऱ्यात मानूस हुबाच ऱ्हाऊ शकत न्हाई रं. तितं धुराड्याचा पाइप हाय. हातभर बी जागा न्हाई. म्हंजी ती पाइपातच..." तो थांबला. "आमच्यात कुनी आत घुसलं व्हतं का? शूटिंगला? कुनी मुद्दाम करतंय का माज्यावर? तू पैल्यांदा बघितलीस. खरं सांग, दिसली व्हती न्हवं?"

एवढंच सांगायचं होतं, की आरं गड्या, मी रचली, मी सिनेमा बघितलेलाच नाही. एक वाक्य. पण ते वाक्य उद्या कुपवाडभर झालं असतं, परवा सांगलीभर, आणि मग 'सरांची नजर' म्हणून लोक माझ्याकडं बघून काय हसले असते! शिवाय, आता खरंच सांगतो, त्याच्या आवाजातली ती भीती ऐकून मला आतून बरं वाटलं होतं. चांदण्या त्याच्या आणि झोपही त्याची, असं किती दिवस चालायचं?

"दिसली ती मी लिहिली," मी म्हणालो.

सोमवारी दुपारी त्याच्या आईचा, मेहरुनबींचा फोन आला. रडत होत्या. "विश्वजीत, बाळा, कसा असशील तसा ये. सरफराज शनवारपास्नं जुन्या भट्टीत जाऊन बसलाय. आतनं कडी घातलीया. पाइप मोजायला म्हनून गेला..."

मी स्कूटर काढली. त्या दिवशी कारखान्याला सुट्टी होती. एरवी कुपवाडला कॉम्प्रेसरच्या आवाजात आपलं बोलणं आपल्यालाच ऐकू येत नाही. आज सगळं गप्प होतं. शेडमध्ये शिरलो तसा भाजलेल्या रंगाचा तो गोडसर, घशात बसणारा वास आला. वरच्या साखळ्यांना रिकामे हूक टांगलेले होते. वारा नव्हता, तरी त्यातले दोन-तीन हलत होते. उन्हाच्या तिरिपीत रंगाची पूड तरंगत होती. शेडच्या टोकाला, निम्म्या अंधारात, जुनी भट्टी.

वजीरचाचा बाहेर स्टुलावर बसले होते. "तोडाया गेलो तर डोस्कं आपटून घेतो," ते म्हणाले. "समदी लांब गेल्याशिवाय पानी बी आत घेत न्हाई. दोन दिस झालं, अन्न न्हाई पोटात. डाक्टर म्हनला, लय दिस न्हाई निभायचा. तुजं ऐकंल, बाबा. तूच बोल."

ते शेडच्या दाराशी जाऊन उभे राहिले. मी भट्टीच्या पत्र्याला कान लावला. गार होता. आतून हळूहळू, खालच्या पट्टीत बोलल्यासारखा आवाज येत होता. शब्द कळत नव्हते.

"सरफराज... मी आहे."

आवाज थांबला. मग अगदी पत्र्याच्या पलीकडून, ओठ टेकवून बोलावं तसा तो बोलला. "हळू... हळू बोल. बाहेर कोन कोन हाय?"

"चाचा. दुसरं कुणी नाही. दार उघड."

"तिला लिवायला तुला कुनी सांगितलं? खरं सांग, विश्वा... किती जन हायत ह्याच्यात?"

हे त्याच्याच सिनेमातलं होतं. एकतीस जणांनी कौतुक केलेला तो नायक असाच प्रश्न विचारतो, हे मी वाचलेलं होतं. बाहेर म्हातारा बाप अंगठ्यानं डोळे पुसत होता. मग माझ्याच्यानं राहवलं नाही.

"कुणी नाही रं. मीच. मी तुझा सिनेमा बघितलाच नाही. दहा मिनिटांत उठून गेलो. ती बाई मी मनानं रचली. जळत होतो तुझ्यावर, म्हणून लिहिली. ऐकलंस? ती नाहीच. ये बाहेर."



"मला ठाव हाय," तो म्हणाला. "तिनंच सांगितलं."

"...कुणी?"

"ती... भिताडाला सांगत असती समदं. तू कवा उठलास... भडंगाची पुडी घेतलीस... घरी बसून समदी खाल्लीस..." त्याचा श्वास मला पत्र्यातून ऐकू येत होता. "बोलून न्हाई जायाची ती, विश्वा. तू लिवून आनलीस. लिवूनच ने. लौकर ने... माजा दम कोंडाया लागलाय."

मी मागं सरकलो. भडंगाचं मी कुणालाही सांगितलेलं नव्हतं. "लिहितो," एवढंच कसंबसं म्हणालो आणि स्कूटरकडं जवळजवळ पळतच गेलो.

चार ओळींचा खुलासा तो काय! सोमवारी संध्याकाळीच लिहून दिला असता तर राजनंदिनीनं मंगळवारी पहिल्या पानावर टाकला असता. मी बसलोही लिहायला. 'सदर प्रसंग चित्रपटात नाही' असं लिहिलं आणि वाचून बघितलं. म्हणजे मी खोटारडा ठरलो, आणि सरफराजचं काय गेलं? काहीच नाही. लोक म्हणणार, बाई नसतानाही दिसली, केवढा मोठा दिग्दर्शक! कागद फाडला. मंगळवारी बातमी आली की सिनेमाला कसलासा मोठा पुरस्कार जाहीर झाला, आणि निवाड्यात परीक्षकांनी त्या पाठमोऱ्या बाईचा खास उल्लेख केला. त्या दिवशी मी लिहिलंच नाही. बुधवारी मेहरुनबींचे सहा फोन आले, एकही उचलला नाही. माझा दोस्त त्या पत्र्याच्या पेटीत उपाशी बसला होता आणि मी शब्द तोलत होतो. याला काय म्हणतात ते मला सांगू नका, मला ठाऊक आहे.

गुरुवारी चारला दहा कमी असताना एका दमात लिहून काढलं. 'ती बाई सिनेमात नाही. सिनेमा मी पाहिलेला नव्हता. ती बाई दिग्दर्शकाची नाही, कधीच नव्हती. ती मी निर्माण केली. ती माझी आहे, सर्वस्वी माझी.' शेवटचं वाक्य खुलाशाला नको होतं. राजनंदिनीनंही फोन करून विचारलं, "सर, हे शेवटचं ठेवायचंच का?"

"ठेवायचं," मी म्हणालो.

शुक्रवारी सकाळी मेहरुनबींनी भट्टीबाहेर उभं राहून तो मजकूर मोठ्यानं वाचला. शेवटचा शब्द वाचला आणि आतून कडी निघाली.

रविवारी मी त्याला बघायला गेलो. अंगणात बाजेवर बसून चहात पाव बुडवून खात होता. गालफडं बसली होती, पण डोळे स्वच्छ होते. मला वाटलं होतं मला हाकलून देईल. त्यानं सरकून जागा करून दिली.

"गेली," तो म्हणाला. "दार उगडलं तवा माज्या आदी तीच भाईर पडली."

"कुठं गेली?"

"मला काय ठाव. मी न्हाई बघितलं तिच्याकडं." त्यानं पाव पुन्हा चहात बुडवला. "विश्वा, एवडं समदं झालं, पर माजा सिनेमा तू अजून बघितला न्हाईसच की रं. एकदा बघ गड्या. चांगला झालाय."

माझा कॉलम त्याच आठवड्यात बंद झाला होता. कॉलेजात पोरं पाठीमागून हसत होती. थिएटरातूनही ती बाई गेली होती. आता कुणालाच दिसत नव्हती. लोकांनी आठ दिवस कुजबुज केली आणि विषय सोडून दिला. सांगलीत तोवर सिनेमा उतरला होता. साताऱ्याला एका जुन्या थिएटरात दुपारी बाराचा एकच खेळ चालू होता. मी एसटीनं गेलो.

आत आम्ही पाच-सहा जणच असू. वर पंखे कुरकुरत होते, खुर्च्यांना कुबट वास होता. माझ्या ओळीत मी एकटा, डाव्या बाजूच्या भिंतीलगत. या वेळी नावं आली, जनरेटर आला, मी आलो, चहाचा गाडा आला. दात आवळून बसून राहिलो.

सिनेमा चांगला होता. नुसता चांगला नाही. शेवटच्या वीस मिनिटांत माझ्या तळहातांना घाम फुटला होता. त्या माणसाला बाहेर बोलवायला एकेक करून त्याची माणसं येतात, रडतात, आणि प्रत्येकाच्या रडण्यात त्याला कावा दिसतो. भट्टीचा डावा कोपरा मी डोळे ताणून बघितला. तिथं पाइप होता, दुसरं काही नव्हतं. सिनेमा संपला तेव्हा मी रडत होतो. सरफराज माझ्यापेक्षा मोठा आहे, कायमच होता, हे मला त्या अंधारात कळलं आणि ते फार दुखलं.

बाहेर लख्ख ऊन होतं. दारावर लालासाहेब नावाचे एक निवृत्त फौजी तिकिटं फाडायला बसायचे; आत जाताना माझ्याशी दोन शब्द बोलले होते. मी पायरी उतरायला लागलो तसे ते म्हणाले, "आवं सायेब, मंडळींना आत ठिवून कुटं निघाला?"

"मी एकटाच आलोय."

"शेजारी बसल्याल्या की तुमच्या. सगळा खेळ बसल्या हुत्या. आता भिताडाकडं तोंड करून हुब्या हायत, मी दोन हाका मारल्या तर हलंनात." ते पुटपुटले, "चक्कर आली का काय," आणि बॅटरी घेऊन आत गेले.

मी पायरीवरच थांबलो. रस्त्यावरून एक ट्रॅक्टर गेला. समोरच्या हॉटेलात कुणीतरी भजी तळत होतं. लालासाहेब परत आले तेव्हा त्यांच्या हातातली बॅटरी तशीच चालू होती आणि उन्हातही त्यांनी ती बंद केली नाही.

"भित आनि त्या, मधी हातभर जागा हाय," ते सावकाश म्हणाले. "तितनं अंग चोरून पुढं गेलो. म्हनलं, तोंडावर पानी मारावं..."

"मग?"

त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. "पुढनं बी पाठच हाय, सायेब."

माझ्या पायांतून कळ आली. खरंच आली. मी घाबरलो होतो. पण त्या घाबरण्याच्या खालून आणखी काहीतरी वर आलं, ते मी लपवत नाही. मी पाठ लिहिली होती, नुसती पाठ, आणि शब्दाला शब्द तशीच ती आली होती. एकतीस समीक्षकांपैकी एकालाही असं काही सुचलं नसतं. सरफराजलाही नाही.

लालासाहेबांनी ओठांवरून जीभ फिरवली. "तुमच्याच हायत न्हवं त्या?"

"होय," मी म्हणालो. "माझ्याच आहेत."

आणि त्यांच्या हातातली बॅटरी घेऊन तिला आणायला आत गेलो.